उडत्या माणसांचा पंच

कार्टूनच्या पिच्चरमधली जेवढी उडणारी माणसं आजवर टीव्हीवर आली, त्यांतला एकही गडी आमच्या व्याह्यांच्या तावडीतून सुटला नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून त्यांच्याइतक्या चुका कुणी काढल्या नसतील, आणि तेवढ्या आवडीनं ते पिच्चर कुणी बघितलेही नसतील. माणूस सत्तरीला आलेला, धोतर, पांढरी टोपी, कानात केस, आणि समोर एक झगेवाला या इमारतीवरून त्या इमारतीवर उड्या मारतोय. हे मांडी घालून, मान पुढं काढून बसलेले. झगेवाल्यानं जरा कुठं गोष्टीला सोडून काही केलं की हे हात वर करून म्हणायचे, "बाद." पिच्चर पुढं चालूच राहायचा, त्याला काय कळतंय, पण आमच्यापुरता तो गडी तिथं संपलेला असायचा.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं माझ्या घरात टीव्हीपुढं बसून भाजलेल्या शेंगा खात होतो. मधे सूप ठेवलेलं. एरवी खायचो मी आणि बोलायचे ते, त्यामुळं टरफलांचा ढीग कायम माझ्या बाजूला. त्या दुपारी ढीग त्यांच्या बाजूला झाला. दोन तास पिच्चर चालला आणि व्याह्यांनी एकदाही हात वर केला नाही. तब्येत बरी नसेल असं मला वाटलं. तब्येतीचं नव्हतं ते. पण ते गप्प का बसले हे कळायला आधी हा माणूस काय होता ते सांगितलं पाहिजे.

व्याही आंबेगाव तालुक्यातले, मंचरच्या अलीकडच्या गावचे, आणि मी पिंपरी पेंढारचा. माझी एकुलती एक लेक त्यांच्या थोरल्याला दिली, म्हणून ते व्याही. कांदा-बटाटा करायचे, पण गावोगावी त्यांना ओळखायचे ते घाटात घड्याळ धरणारे म्हणून. आमच्याकडं जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती होतात. चढाच्या घाटात गाडा पळतो, आणि वरच्या निशाणाला पोचायला त्याला किती सेकंद लागले ते एक माणूस घड्याळावर बघतो. ते व्याही. हातात घड्याळ असलं की त्यांना नातं दिसायचं नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाचा गाडा झेंडा पडायच्या आधी सुटला, तर यांनी हात वर केला आणि बाद म्हणाले. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. मी म्हणालो, "पावणं, भावाचं तरी बघायचं व्हतं." तर म्हणाले, "बैलाला म्हाईत असतं का, ह्यो भाऊ हाय म्हणून? मंग घड्याळाला कशाला पाहिजे?"

आता व्याही म्हटलं की मानपान आला. त्यांच्या घरी मी गेलो की मला टॉवेल-टोपी, माझ्या घरी ते आले की त्यांना टॉवेल-टोपी. पहिली दोन वर्षं दोघांनी नवीन आणली. मग एकदा माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला दिलेला टॉवेल म्हणजे मीच त्यांना दिवाळीला दिलेला. मीही घडी न मोडता तो परत त्यांनाच दिला. असा निळ्या काठाचा एक टॉवेल आणि एक टोपी दहा वर्षं आमच्या दोन घरांमधे एसटीनं फिरत होती. दोघांनाही माहीत, आणि दोघंही दर वेळी तोंड वाकडं करून म्हणायचे, "कशाला एवढा खर्च केला." आमची मंडळी आत तोंडाला पदर लावून हसायची. तिचं आणि व्याह्यांचं चांगलं जमायचं, कारण ती मासवडी करायची, आणि मासवडी ताटात पडली की व्याही मान-अपमान सगळं विसरायचे.

या घड्याळवाल्या माणसाला कार्टूनचा नाद लागला तो बैलामुळं. एका खोंडानं घाटात त्यांच्या पायावर पाय दिला आणि तीन महिने पाय प्लास्टरात. तेव्हा गावात केबल नुकती आलेली. वायर कुठल्या तरी बाभळीवरून ओढलेली, जरा वारा सुटला की सगळ्या चॅनेलवर मुंग्या, फक्त कार्टूनचं तेवढं स्वच्छ दिसायचं, तेही हिंदीतून. पहिला आठवडा व्याही शिव्या देत बघत होते. दुसऱ्या आठवड्यात शिव्या बंद झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तर पाय उशीवर, आणि मला बसा म्हणायच्या आधी बोट टीव्हीकडं. "पावणं, ह्यो जांभळा झगा हाय ना, ह्यानं मघाशी आख्खा पूल उचलला. आता वैऱ्यानं ह्याला दोरीनं बांधलाय आन अर्धा तास झाला, दोरी तुटंना. बोला आता." मी खजुराचा पुडा नेला होता, तो पुढं ठेवला. "बाद," ते म्हणाले. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा ऐकलं.

पाय बरा झाला, नाद राहिला. पुढं सीडी निघाल्या तेव्हा तर रानच मोकळं मिळालं. नारायणगावला एका शेठचं भांड्यांचं दुकान होतं. शेठचे वाडवडील राजस्थानातून आलेले, पण मराठी माझ्यापेक्षा चोख. दुकानात एका बाजूला पातेली आणि एका बाजूला सीड्या. व्याही सीडी न्यायचे, बघायचे, आणि बाजाराच्या दिवशी जाऊन तक्रार करायचे. मी एकदा बरोबर होतो. "शेठ, ह्यात गोष्ट तुटलीय." शेठनं सीडी उजेडाकडं धरून बघितली. "काका, चरा तर नाय. फिरते ना नीट?" "सीडी फिरती हो, गोष्ट फिरत न्हाई." शेठ शांत माणूस. म्हणाला, "काका, मी पातेली पण विकतो. आमटी बिघडली म्हणून कुणी पातेलं परत आणत नाय." व्याही रस्ताभर हसत होते, पण पुढच्या बाजाराला दुसरी तक्रार घेऊन गेलेच.

त्यांचे नियम ठरलेले होते. डोळ्यांवर बोटभर पट्टी बांधली की उडत्या माणसाला त्याची स्वतःची बायको ओळखत नाही, हे त्यांना कधी पटलं नाही. "आवं, माझी बायको मला खोकल्यावरनं वळखती, त्ये बी गल्लीच्या तोंडाला असताना." त्यावर आतून आमची मंडळी म्हणाली, "आन आमी तुमाला चपला फरफटल्यावरनं वळखतो." वैऱ्याचं भाषण हा दुसरा राग. वैऱ्याच्या हातात बंदूक, हा समोर बांधलेला, आणि वैरी आपलं सांगत बसतो की लहानपणी मला कोण काय बोललं. "गाडा सुटल्यावर कुणी भाषण करतं का? सरपंच बी करत न्हाई." आणि तिसरं म्हणजे झुंजीत निम्मं शहर पडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जसंच्या तसं. "तलाठी न्हाई, पंचनामा न्हाई, आन इमारत उभी. आपल्या शाळंचा पत्रा उडून दोन वर्सं झाली."

पण टीव्ही त्यांनी मधेच कधी बंद केला नाही. बाद झालेल्या गड्याचाही पिच्चर ते शेवटपर्यंत बघायचे, आणि तो जिंकला की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. मी टोचायचो, "पावणं, ह्यो तर मघाशीच बाद झालाय." म्हणायचे, "बाद झाला म्हणून काय झालं, पळतोय तर खरा." लाईट गेली की तर विचारू नका. लाईट कायम जायची, दुपारी तर ठरलेली. मग काळ्या पडद्यापुढं बसून पुढचा पिच्चर ते स्वतः सांगायचे, घाटातल्या आवाजात. "सुटला, सुटला, जांभळा झगा सुटला, मागं वैरी, पुढं समुद्र." त्यांच्या पिच्चरमधे उडता माणूस आधी बायकोला सांगून जायचा, वैरी भाषण करायचा नाही, आणि पडलेल्या घरांचे पंचनामे व्हायचे. एकदा हे रंगात आलेले असताना लाईट आली आणि खरा पिच्चर पुढं सुरू झाला, तर मंडळी म्हणाली, "बंद करा ते. पावण्यांचा चांगला चालला व्हता."

त्यांचा सगळ्यांत मोठा नियम मात्र एकच होता. मेलेला माणूस परत यायचा नाही. एका पिच्चरमधे उडत्या माणसाचा म्हातारा गुरू मेला. हे एवढं रडले की मंडळीनं पाणी आणून दिलं. पाव तास झाला नाही तोच गुरू हसत हसत दारातून आत आला. व्याही उठले, चपला घातल्या आणि भर उन्हात माझ्या उसाला एक चक्कर मारून आले. आल्यावर म्हणाले, "माझं रडणं परत द्या म्हणावं. घाटात बैल पडला तर पडला. पुढच्या बारीला तोच उठून गाड्याला जुंपला तर चालंल का? मंग तो पडला तवा आपल्या पोटात खड्डा पडला, त्याचं काय?"

मंडळी भाकरी थापत होती. म्हणाली, "आला तर येऊ द्या की. तुमचं काय जातंय?"

"गोष्ट जाती, विहीणबाई."

"मंग जाऊ द्या गोष्ट."

यावर दोघांचं भांडण दर भेटीला व्हायचं. मी तेव्हा व्याह्यांच्या बाजूचा. म्हणजे मला गोष्टीतलं फार कळत होतं असं नाही, पण नियम आहे तर नियम, असं माझं होतं.

मग मंडळी गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही. घरात मयत झाल्यावर तेरा दिवस टीव्ही लावत नाहीत, मी तेराव्यानंतरही लावला नाही. त्यावर तिनंच विणलेला रुमाल होता तो तसाच. लेक महिनाभर राहिली, मग तिला तिचं घर होतं. त्यानंतर माझ्या तोंडून दिवसात एकच शब्द निघायचा, "सरक," तो गायीला. भाकरी शेजारून यायची, ती अर्धी गायीला जायची. माणसं भेटायला येऊन बसायची आणि उठून जायची. लेक रोज फोन करायची, "आबा, काय खाल्लं?" मी "हं" म्हणायचो. तिला वाटायला लागलं होतं की आता हा माणूस असाच संपणार. मलाही वेगळं वाटत नव्हतं.

चौथ्या महिन्यात एके दिवशी व्याही आले. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन मंचरपासून एसटीत बसले होते. घोंगडी सोडली, तर त्यांच्या घरचा सीडी लावायचा डबा. त्यांनी टीव्हीवरचा रुमाल काढला, नीट घडी घातली, फडताळात ठेवला, वायरी जोडल्या. खिशातून कागदाच्या पाकिटात दोन सीड्या काढल्या, दुकानात नक्कल करून घेतलेल्या, वर अक्षर नाही का चित्र नाही. म्हणाले, "बघा न्हाईतर नका बघू. आठ दिवसानं येतो. तवा सांगा किती चुका सापडल्या." पाणीसुद्धा न पिता गेले.

मी चौथ्या दिवशी लावला. पिच्चर आगीपासून सुरू झाला. पावाच्या भट्टीला आग, आत एक बाई, बाहेर पांढऱ्या झग्यातला गडी, आणि तो पोचेपर्यंत उशीर झालेला. मी उठून बंद करणार होतो. पण म्हटलं, आता हा पुढं काय करतो ते बघू. तो काहीच करत नव्हता. इमारतीच्या कडेला पाय सोडून नुसता बसायचा. हे मला पटलं. मग सगळ्या शहराची वीज चोरणारा एक वैरी आला, त्याच्याशी झुंज झाली, आणि शेवटी लोकांच्या घरात उजेड यावा म्हणून हा स्वतः विजेच्या ढगात शिरला. परत आला नाही. पडदा काळा झाला.

मी दुसरी सीडी घातली. तर विजा चमकतायत आणि एका घरात मूल जन्माला आलं. मधेच इंग्रजीत नावं गेली, मला वाटलं मध्यंतर झालं. मूल मोठं झालं तर त्याच्या डोळ्यांत तीच निळी चमक. म्हटलं, हा तोच. याला दुसरा जन्म मिळाला. मोठा होऊन तो विजेच्या खांबावर चढणारा वायरमन झाला, एकदा अंगावर वीज पडली आणि उडायला लागला. आणि एके दिवशी पाव घ्यायला दुकानात गेला, तर आत तीच बाई. गालावर तोच तीळ. पुढं त्यांचं लग्न झालं, वैऱ्याशी एक झुंज झाली, आणि शेवटी तो दमून घरी आला. तिनं दिवा मोठा केला, त्याला हात धुवायला पाणी दिलं, रस्सा वाढला, आणि दोघं जेवायला बसले. तिथं सीडी संपली. आमची मंडळी दर वर्षी वडाला फेऱ्या मारायची, सात जन्म हाच नवरा मिळू दे म्हणून. मी चेष्टा करायचो की हा सातवाच असला तर माझी सुटका झाली. त्या दुपारी ती चेष्टा आठवली, आणि वाटलं, सातवा नसावा.

आठ दिवसांनी व्याही आले ते मी दारातच गाठले. त्यांना बसू दिलं नाही, आधी सगळा पिच्चर सांगितला. इतकं सलग मी चार महिन्यांत बोललो नव्हतो. "एक बी चूक न्हाई, पावणं. आन तीच बायको. दुसऱ्या जन्माला बी तीच." व्याह्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आता मला वाटतं, त्यांनी त्यांच्या परीनं गप्प बसायचा प्रयत्न केला. पण जो सख्ख्या भावाला अर्धा सेकंद देत नाही तो किती दम धरणार.

"पावणं," ते म्हणाले, "तुमी दुसरी सीडी आदी लावली."

"मंग?"

"मंग काय, तिथं दुसरा जन्म न्हाई. त्ये त्याचं बालपण हाय. ती आदी जेवाय वाढती, मंग आगीत जाती. मंग तो ढगात जातो. संपलं."

"संपलं न्हाई."

"आवं, बनवणाऱ्यानं तसंच बनवलंय."

"बनवणाऱ्याची बायको जिती असंल."

मला तिथंच थांबायला हवं होतं, पण माझं तोंड पहिल्यापासून असंच. म्हणालो, "माझ्या घरात ह्यो पिच्चर असाच लागंल. पटत नसंल तर फाट्यावर गाडी मिळती." मुलीच्या सासऱ्याला कुणी असं बोलत नाही. ते आल्या पावली वळले आणि टॉवेल-टोपी न घेता गेले. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन, रडत. "आबा, त्ये माझे सासरे हायेत. काल घरी येऊन जेवले न्हाईत." मी म्हणालो, "मी बी जेवलो न्हाई." खोटं बोललो. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, वर कांदा. रागानं मला भूक लागली होती, मंडळी गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात व्याही दारात हजर. माफी नाही, काही नाही. चपला काढता काढता म्हणाले, "दुसरा जन्म म्हणता ना, मंग वैरी त्योच कसा? आन त्याच वयाचा कसा?" मी पण आठवडाभर तयारीत होतो. "वैरी बी जन्माला आला. त्याला काय बंदी हाय का?" ते बसले. मी चहा टाकला, मला तोवर चहा करायला येत नव्हता, त्या दिवशी शिकलो. साखर विसरलो होतो. त्यांनी तसाच पिला आणि म्हणाले, "विहीणबाई असा करायच्या न्हाईत." मंडळीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं माझ्यापुढं. त्यांनी काढलं, आणि काही झालं नाही. मग आम्ही तिच्यावरच बोलत बसलो, तिची मासवडी, तिचं भांडण.

असं चार वर्षं चाललं. दर आठवड्याला ते यायचे, दर आठवड्याला एक नवीन मुद्दा. दुसरा जन्म असता तर त्याला मागचं आठवलं असतं. आपल्याला आठवतंय का मागचं, मी म्हणायचो. तीळ तोच कसा? देवाकडं साचा एकच असंल. दुसरे पिच्चर आम्ही पोटभर मिळून बघितले, त्यांतले शंभर तरी गडी बाद केले, मी पण हात वर करायला शिकलो. पण हा एक पिच्चर आम्ही कधी एकत्र बघितला नाही. मी माझ्या क्रमानं लावला की ते उठून अंगणात जायचे आणि गायीजवळ पाठ करून उभे राहायचे. "तुमचं झालं की हाक मारा." त्यांनी त्यांच्या क्रमानं लावला तर मी मोटार चालू करायला विहिरीवर जायचो. त्यांना नियम सोडवत नव्हता, आणि मला ती पहिल्यांदा जेवायला वाढते आणि मग आगीत जाते हे बघवत नव्हतं. लेक म्हणायची, "दोघं बी लहान पोरांच्या वर झालेत." पण ती सुखानं म्हणायची. मी जेवत होतो.

त्या शेवटच्या दुपारी व्याही आले, टॉवेल-टोपी झाली, शेंगा भाजल्या. मी दुसराच कुठला पिच्चर शोधत होतो, तर त्यांनी फडताळातून तेच कागदाचं पाकीट काढलं. आतली एक सीडी उजेडाकडं धरून बघितली आणि डब्यात सरकवली. आग दिसली. मी म्हणालो, "पावणं, ही दुसरी हाय."

"मला म्हाईत हाय. शेंगा द्या हिकडं."

मघाशी सांगितलं तसे ते दोन तास गप्प बसले. मधे एकदा, मूल जन्माला आलं तेव्हा, त्यांचा हात मांडीवरून थोडा उचलला, पण तो शेंगेकडं गेला. शेवटी तिनं दिवा मोठा केला, रस्सा वाढला, ते दोघं जेवायला बसले. व्याह्यांनी सोग्यानं डोळे पुसले. मी विचारलं, "मंग? बाद का?"

"गोष्ट बाद हाय," ते म्हणाले. टरफलं सुपात गोळा केली. मग म्हणाले, "विहीणबाईंना आवडली असती."

पाचच्या एसटीला मी त्यांना फाट्यावर सोडलं. जागा खिडकीची मिळाली का एवढंच बघितलं मी, ती मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध घालून आलो, चहा केला, आणि वाटलं, त्यांनी आपलं बघितलं, आता आपण त्यांचं बघितलं पाहिजे. नाहीतर ते बरोबर दिसत नाही. म्हणून मी चार वर्षांत पहिल्यांदा तो पिच्चर बनवणाऱ्यानं बनवलाय तसा लावला. मूल, खांब, पावाचं दुकान, लग्न, दिवा, जेवण. सीडी काढली. दुसरी हातात घेऊन थोडा वेळ नुसता बसलो. मग लावली. आग लागली, त्याला उशीर झाला, ती गेली. मी विहिरीवर गेलो नाही. पुढं तो इमारतीच्या कडेला बसला, मी पण बसलो. आणि तिथं मला एक चूक दिसली. बायको गेल्यापासून पिच्चर संपेपर्यंत हा गडी धुरात लोळतो, चिखलात पडतो, आणि दर वेळी त्याचा पांढरा झगा कोरा करकरीत, वर इस्त्री केल्यासारखा. माझ्या सदऱ्यांना चार वर्षांत जो पिवळा रंग चढलाय तो सोड्यानं जात नाही, साबणानं जात नाही. मग याचा झगा धुतो कोण? व्याह्यांनी एवढे पिच्चर तपासले आणि एवढी मोठी चूक त्यांना दिसली नव्हती. दिसणार कशी, त्यांच्या घरात कपडे धुवायला त्यांची बायको आहे. मला हसू आलं. माझ्या माहितीत मी त्यांच्या आधी चूक काढल्याची ही पहिली वेळ. टीव्ही चालू ठेवूनच मी फोन लावला.

फोन लेकीनं उचलला. "आबा, मी आत्ता तुमालाच लावणार व्हते."

मी म्हणालो, "थांब, आदी पावण्यांना दे. म्हणावं, चूक सापडली."

मागं घरात माणसं जमल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आबा, मामंजी गेले. गोठ्यात बसले व्हते, तिथंच."

मी टीव्ही बंद केला, टोपी घातली, आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी यायला वेळ होता. शेजारी आमच्याच गावचा एक माणूस उभा होता. "कुठं निघालाव?" म्हणाला. मी म्हणालो, "मंचरकडं. व्याही गेले." तो अरेरे म्हणाला, टोपी काढली, आणि विचारलं, काय करायचे ते. "घाटात घड्याळ धरायचे," मी म्हणालो. झग्याचं त्याला विचारावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याला तो झगेवाला कोण, त्याची बायको कोण, तिथपासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढ्यात जीप आली.